काळीला दोन करडं झाली

परवा सकाळी मी मागच्या अंगणात कचऱ्याचा डबा ओढत होते. कुंपणापलीकडून शेजारच्या लिनच्या बाबांनी "शुक शुक" केलं आणि मी बघितल्यावर दोन्ही तळहात एकमेकांवर थापटले. मग दोन्ही हात पसरून पंखांसारखे हलवले. ऐंशीच्या घरातला माणूस, पायात रबरी बूट, डोक्यावर कानटोपी, आणि भर अंगणात उडतोय. मी मान डोलावून "हो हो, करते" म्हटलं. मराठीतच म्हटलं. ते खूश झाले आणि आपल्या लसणीच्या वाफ्याकडे वळले.

बाहेरून कुणी बघितलं असतं तर आम्हा दोघांनाही वेड्यात काढलं असतं. पण निरोप अगदी सरळ होता. धपाटे थाप, कावळ्यांचा दिवस आला.

इथला एप्रिल म्हणजे लाडावून ठेवलेलं पोर. सकाळी ऊन, दहा वाजता गारा, जेवायच्या सुट्टीत पुन्हा असं लख्ख ऊन, की ऑफिसातली गोरी मंडळी जॅकेट काढून गवतावर आडवी. कोपऱ्यावरच्या मॅग्नोलियाला अंगावर एक पान नसताना ताटलीएवढी फुलं येतात. आणि गावाबाहेरच्या शेतांत खत टाकायला सुरुवात होते. ओल्या शेणखताचा तो वास वाऱ्यावर बसून थेट आमच्या स्वयंपाकघरात येतो. पुण्यामुंबईहून नव्याने आलेली आमची इंजिनियर मंडळी खिडक्या धाडधाड लावून घेतात. आई इथे आल्या तेव्हा मात्र सायकलींच्या रस्त्याकडेला उभं राहून त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाल्या, "चला, काहीतरी ओळखीचं आलं बाई एकदाचं."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, सुमनताई. साताऱ्याकडच्या. जिथे घरटी एक माणूस फौजेत, अशा गावच्या. चार वर्षांपूर्वी सुहासने, म्हणजे त्यांच्या लेकाने आणि माझ्या नवऱ्याने, हट्टाने तीन महिन्यांसाठी त्यांना इथे आणलं. तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी घरातला झाडू नापास केला, चौथ्या दिवशी चहाचं पातेलं, आणि पाचव्या दिवशी मला. म्हणजे तोंडाने नाही बोलल्या. पण मी कणीक मळत असताना मागे येऊन उभ्या राहिल्या आणि "असू दे, असू दे" म्हणाल्या. सुनांना या 'असू दे'चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

दिवसभर आम्ही दोघं कामावर, लेक ईरा शाळेत. आईंना बोलायला माणूस नाही. मग त्यांनी मागच्या अंगणात मेथी आणि कोथिंबीर पेरली. कुंपणापलीकडे लिनचे बाबा लसणीची पात लावत होते. लिन माझ्याच कंपनीत, आमच्यासारखीच परदेशातून आलेली. तिची आई वारल्यावर तिने बाबांना कायमचं इकडे आणलं होतं. त्यांना चिनीशिवाय काही येत नाही, आईंना मराठीशिवाय. आणि तरी एका आठवड्यात दोघांचं असं जमलं, की मी कामावरून यावं तर कुंपणावर गप्पा चालू. ह्या म्हणायच्या, "गोगलगायी फार झाल्यात हो यंदा." ते काहीतरी चिनीत म्हणायचे. ह्या म्हणायच्या, "तेच तर." एकदा मी विचारलं, "आई, काय बोलता तुम्ही?" तर म्हणाल्या, "शेतीवाडीचं. तुला नाही कळायचं."

पाडव्याला त्यांनी कुंपणावरून पुरणपोळी दिली. संध्याकाळी ताट परत आलं ते वाफवलेले पांढरे गुबगुबीत पाव घेऊन. "मोदक दिसतोय, पण सारण विसरलेत बिचारे," आई म्हणाल्या आणि तुपाबरोबर दोन खाल्ले.

त्याच आठवड्यात लिनने मला विचारलं, शनिवारी येता का आमच्याबरोबर? चिनी लोकांचा पितरांचा दिवस असतो एप्रिलच्या सुरुवातीला. रॉटरडॅमकडे, कापेल आन डेन आयसेल गावाच्या पुढे, एका जुन्या दफनभूमीत त्यांचं एक स्मारक आहे. तिथे जायचं, जागा झाडायची, नैवेद्य ठेवायचा, मग सगळ्यांनी बसून डबे खायचे. बाबांना आईंनी यावं असं फार वाटतंय, ती म्हणाली.

मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी आईंना सांगितलं, "शनिवारी पिकनिक आहे."

पिकनिक म्हटल्यावर आईंनी पहाटे उठून ज्वारीच्या पिठाचे धपाटे थापले. लसणीची चटणी, दही, सोबत कांदा. पिवळी काठपदराची साडी, वर सुहासचं जाड जॅकेट. लिनच्या गाडीत पुढे ती आणि तिचे बाबा, मागे आम्ही दोघी. बाबा दर दहा मिनिटांनी मागे वळून पुदिन्याच्या गोळ्या पुढे करत होते. रस्त्याकडेच्या कुरणात मेंढ्यांची नवी पिल्लं. आई काचेला नाक लावून ती मोजत होत्या. मजेत होत्या अगदी.

"तिथे काय आहे गं बघायला?" त्यांनी विचारलं.

"स्मारक आहे. सैनिकांचं."

"कुठले सैनिक?"

"चिनी."

आईंनी पिल्लं मोजायची थांबवली. मी आपली बोलतेच आहे. फार पूर्वी रॉटरडॅमच्या बंदरात चिनी खलाशी राहायचे, बोटींच्या भट्ट्यांत कोळसा टाकायचे. तिकडे जपानशी लढाईत त्यांची माणसं पडली, ह्यांना जाता आलं नाही, मग त्यांच्या मुला-नातवंडांनी इथेच एक दगड बसवला. लिनच्या बाबांचे वडीलही त्याच लढाईत गेले, तेव्हा हे पोटात होते. एवढं सगळं मी कौतुकाने सांगितलं. आई पुढच्या सीटकडे, त्या पांढऱ्या डोक्याकडे बघत राहिल्या.

मग हळूच म्हणाल्या, "दत्तूदादा."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. साताऱ्याच्या घरात देवघराशेजारी फोटो आहे. फौजेच्या टोपीतला, कान जरा बाहेर आलेले, मिशी नुकती फुटलेली. लग्न होऊन आल्या दिवशी मला त्या फोटोच्या पाया पडायला लावलं होतं. हे दत्तूमामा, आईंचे थोरले भाऊ. बासष्ट सालच्या युद्धात गेले. वर, बर्फात. त्यांचा देहसुद्धा घरी आला नाही. पंधरा वर्षं मी त्या फोटोला हार घालतेय आणि बासष्टचं युद्ध कुणाशी झालं होतं एवढं मला गाडीत बसेपर्यंत आठवू नये! शाळेत इतिहासात चांगले मार्क होते माझे.

"आई, आपण परत जाऊ या का? मी सांगते लिनला, तब्येत बरी नाही म्हणून."

"गाडी तिची आहे," आई म्हणाल्या. "माणसाने एवढ्या मायेने बोलावलं. पण मी आत येणार नाही मीनल. तुम्ही जा. मी बाहेर बसेन."

पुढून पुदिन्याची गोळी आली. आईंनी ती घेतली आणि मुठीत धरून ठेवली.

दफनभूमी लहानशी होती. विटांची भिंत, लोखंडी फाटक, आत जुनी झाडं. फाटकाबाहेर बाक होता, त्यावर आई डबा मांडीवर घेऊन बसल्या. लिनला मी खोटंच सांगितलं, गुडघे दुखताहेत म्हणून. लिनच्या बाबांनी दोनदा मागे वळून बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. काहीतरी चुकलंय हे त्यांना कळलं, काय ते कळेना. माझा जीव मात्र तिथे बाकापाशी अडकलेला. तीन महिन्यांच्या मुक्कामात या बाईंना इथे एक सोबत मिळाली होती, एकच, आणि मी एका पिकनिकमध्ये ती घालवणार असं दिसत होतं.

स्मारक म्हणजे कमरेएवढा करडा दगड. त्यावर उभ्या ओळींत चिनी अक्षरं, पायाशी मागच्या पानगळीची कुजकी पानं. लिनच्या बाबांनी गाडीतून आणलेला खराटा काढला आणि झाडायला लागले. झाडायला म्हणजे काय, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने. ते पानं पुढे लोटायचे, वारा ती परत त्यांच्या बुटांवर आणून टाकायचा. पुन्हा लोटायचे, पुन्हा तेच. फाटकाच्या गजांतून हे सगळं बाहेर दिसत होतं.

पाच मिनिटं. जास्तीत जास्त सहा. मग बाकाकडून आवाज आला, "अहो, असं नव्हे!"

आई फाटक ढकलून आत आल्या. पदर खोचलेला. त्यांनी लिनच्या बाबांच्या हातून खराटा काढून घेतला, वाऱ्याकडे पाठ केली आणि खाली वाकून सरासरा झाडायला सुरुवात केली. "कोपऱ्यापासून धरायचं असतं. कुणी शिकवलंच नाही वाटतं." पुरुषमाणूस वाईट झाडतोय हे साताऱ्याच्या बाईला उघड्या डोळ्यांनी बघवत नाही, मग समोर दगड कुणाचा का असेना. झाडून झाल्यावर त्या दगडासमोरच उभ्या होत्या. तेव्हा त्यांना कळलं आपण आत आलोय.

"इथे खाली कोणाला पुरलंय?" त्यांनी मला विचारलं.

"कुणालाच नाही. माणसं तिकडेच राहिली. नुसता दगड आहे."

त्यांनी दगडाभोवती नजर फिरवली. "मग जागा आहे," म्हणाल्या. का ते मला तेव्हा कळलं नाही.

लिनने नैवेद्य मांडला. संत्री, ते पांढरे पाव, दारूचे तीन इवलेसे पेले, उदबत्त्या. उदबत्ती बघून आईंचा चेहरा सैल झाला. त्यांनीही डब्यातला एक धपाटा काढून कागदावर ठेवला. आणि भिंतीवरून दोन कावळे खाली उतरले. इथले कावळे अंगाने लहान, मानेवर राखाडी, डोळे पांढुरके, पण चालायची ऐट तीच. एक जण तुरुतुरु पावांपाशी आला.

लिनच्या बाबांनी खराटा उचलला आणि "हुश्श!" करून त्याला हाकललं.

"अहो! अहो, काय करताय!" आईंनी चक्क त्यांचा हात धरला. "शिवू द्या त्याला!"

सगळे जागच्या जागी. मग आमची बोलण्याची माळ सुरू झाली. आईंचं मराठी माझ्याकडे, माझं इंग्रजी लिनकडे, लिनचं चिनी तिच्या बाबांकडे, आणि उत्तर त्याच वाटेने परत. लिन म्हणाली, आमच्यात कावळा अशुभ, तो नैवेद्यापाशी येऊ नये म्हणून बाबा हाकलतात. आई म्हणाल्या, कावळा अशुभ? अरे देवा! कावळा शिवल्याशिवाय गेलेल्याला पोचणार कसं? त्याचा जीव कशात अडकलाय ते कावळ्यालाच कळतं. इच्छा राहिली असेल तर तो शिवत नाही. मग घरच्यांनी ती ओळखून मोठ्याने बोलायची, आम्ही बघू, काळजी करू नकोस म्हणायचं, की येतो. हे सगळं इंग्रजीत सांगताना मला घाम फुटला. दिवसभर मी मशीनच्या चाचण्यांचे अहवाल लिहिते, त्यात कावळा येत नाही.

लिनच्या बाबांनी खराटा भिंतीला टेकवून ठेवला. म्हणजे एवढी वर्षं, त्यांनी विचारलं, मीच हाकलत होतो?

आई माझ्याकडे वळल्या. "त्यांना विचार," मला म्हणाल्या, "वडिलांची काय इच्छा राहिली असेल?"

म्हाताऱ्याला विचार करावा लागला नाही. मला बघायचं राहिलं, ते म्हणाले. मग ते दगडासमोर गेले, कानटोपी काढली, जॅकेटची चेन वर ओढली, केसांवरून हात फिरवला आणि ताठ उभे राहिले. शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांपुढे उभं करतात ना, तसे. लिन रडत होती. मीही रडत होते. आई रडत नव्हत्या. त्या भिंतीवरच्या कावळ्यांकडे बघत होत्या. कावळे काही हलेनात.

"तो त्यांच्यासाठी नाही थांबलेला," आई म्हणाल्या. "माझ्यासाठी थांबलाय."

आणि मग त्यांनी ते सांगितलं. साठ वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं, माझ्या सासऱ्यांना नाही, सुहासला नाही. दत्तूदादा शेवटचा निघाला तेव्हा ही दहा वर्षांची सुमी शाळेत होती. तो न सांगता गेला म्हणून रुसली. मग वरून त्याचं पोस्टकार्ड आलं, खास तिच्या नावाने. इथे फार थंडी आहे. आपली काळी शेळी व्यायला झाली होती, तिला काय झालं ते कळव. पत्र लिही सुमे. हिने नाही लिहिलं. म्हटलं, बसू दे वाट बघत. दिवाळी झाली आणि तार आली. कृष्णेच्या काठी दर्भाचा पुतळा करून सगळे विधी केले, दहाव्याला पिंड ठेवले, कावळा शिवेना. थोरल्यांनी सगळं बोलून बघितलं. म्हाताऱ्यांना सांभाळू, सुमीचं लग्न करून देऊ. उन्हं कलली तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून टेकवला.

"बायकापोरींना घाटावर नेत नाहीत," आई म्हणाल्या. "तिथे कुणालाच माहीत नव्हतं त्याला काय हवंय. मला माहीत होतं, मी घरी होते. आई मरेपर्यंत म्हणत होती, माझा दत्तू अडकलाय कुठेतरी."

हे मला इंग्रजीत करून द्यायचं होतं. मी करत गेले. लिनने मध्येच विचारलं, कुठलं युद्ध? खोटं बोलायची माझ्याकडे सोय होती, सगळी माळ माझ्या हातात होती. पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं. "तुमच्याशी झालेलं," मी म्हटलं. लिनने खाली बघितलं. तिला वाटलं असतं तर तीही तिथेच तोडू शकली असती. तिने बाबांना सांगितलं.

ते आईंसमोर आले. मग विचारलं, वय?

"बावीस," आई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून बाटली काढली. चौथा पेला नव्हता. थर्मासचं झाकण काढलं, जॅकेटच्या बाहीने पुसलं, त्यात दारू ओतली आणि ते दोन्ही हातांनी धरून तिन्ही पेल्यांच्या रांगेत नेऊन ठेवलं.

"अहो, दादा घ्यायचा नाही हो," आई घाईघाईने म्हणाल्या. मग थांबल्या. "असू दे. थंडीत होता."

हे 'असू दे' मी पहिल्यांदाच ऐकलं. सुनांना म्हणतात ते नव्हे.

आई दगडाजवळ गेल्या. पदर डोक्यावरून घेतला आणि बोलल्या ते दहा वर्षांच्या मुलीच्या आवाजात नाही, सत्तरीच्या घोगऱ्या आवाजातच. "दादा, तुझं पत्र पोचलं. काळीला दोन करडं झाली. एक काळं, एक पांढऱ्या कानांचं. पांढऱ्या कानाचं फार द्वाड होतं, माझी वही खाल्ली त्याने. मी पाचवीत गेले. आता रुसलेली नाही मी."

कावळा कधी खाली उतरला ते मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा तो पाव सोडून धपाट्याचा मोठा तुकडा चोचीत धरून भिंतीकडे निघाला होता. लिनच्या बाबांनी खराट्याकडे हातसुद्धा नेला नाही. आई खालीच बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. बऱ्याच वेळाने डोळे पुसून म्हणाल्या, "मिरची जास्त झाली होती गं. लागेल त्याला."

मग आम्ही तिथेच चादर अंथरून जेवलो. ऊन आलं, गारा पडल्या, पुन्हा ऊन आलं. लिनच्या बाबांनी चार धपाटे खाल्ले.

जूनमध्ये आई परत गेल्या. निघताना कुंपणावरून मेथीची शेवटची जुडी दिली आणि म्हणाल्या, "भाऊ, झाडताना वाऱ्याकडे पाठ करा." त्यांनी मान डोलावली. काय कळलं असेल ते असो, त्यानंतर ते वाऱ्याकडे पाठ करूनच झाडतात.

पुढच्या मार्चमध्ये साताऱ्याहून पोस्टकार्ड आलं. दत्तूदादाच्या नावाने, पत्ता आमचा. सोबत मला फोन, "वाचू नकोस, तिथे नेऊन दे." लिनच्या बाबांकडे कागद जाळायला एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो. कागद जाळला की गेलेल्याला पोचतो, असं त्यांच्यात मानतात. तेव्हापासून दर एप्रिलला त्या डब्यात एक मराठी पत्र जळतं. माझे धपाटे आईंसारखे होत नाहीत, कडा फाटतात. कावळ्यांनी तक्रार केलेली नाही. लिनचे बाबा नैवेद्य मांडून झाला की चार पावलं मागे सरतात, खराटा पाठीमागे लपवतात आणि वाट बघतात.

आता आईंना विमान बंद आहे. गुडघ्यांचं काही नाही, पण हृदय. डॉक्टरांनी सुहासला वेगळं बाजूला घेऊन बोलावं इतपत. गेल्या आठवड्यात फोन आला. "हात थरथरतो गं. अक्षर बघवत नाही. यंदा मी सांगते, तू लिही."

मी ईराच्या वहीतलं पान फाडून बसले. आईंनी सांगितलं, मी लिहिलं. यंदा विहिरीला पाणी बरं आहे. शेजारच्या पोराला फौजेत घेतलं, त्याच्या आईला मी सांगून ठेवलंय, पत्र आलं की त्याच दिवशी उत्तर टाकायचं. आपल्या ईराला तिथल्या शाळेतून पोहायचं सर्टिफिकेट मिळालं, तू कृष्णेत उड्या मारायचास तशी मारते म्हणे. भाऊंची लसूण चांगली आली आहे.

"आणि लिही. दादा, पुढच्या वर्षी पत्र आलं नाही तर रुसू नकोस. मीच येत असेन."

पेन थांबलं माझं.

"लिहिलंस का?"

"लिहिलं, आई."

नव्हतं लिहिलं. मी खाली 'तुझी सुमी' लिहून घडी घातली.

शनिवारी गेलो. लिन, तिचे बाबा, मी. वारा बोचरा होता, मॅग्नोलियाची फुलं रस्त्यावर सांडलेली. झाडून झालं, उदबत्त्या लावल्या, चार पेले भरले. चौथा आता थर्मासचं झाकण नसतं, बाबांनी खास आणलाय, पण ठेवतात दोन्ही हातांनीच. पत्र डब्यात जळलं. धपाटा ठेवला. कावळे भिंतीवर येऊन बसले, सात-आठ तरी होते, पांढुरक्या डोळ्यांनी खाली बघत. आणि कुणी उतरेना.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. लिन म्हणाली, वारा फार आहे आज. मी म्हटलं, हो, वाराच. बाबा कावळ्यांकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी आपल्या ओठांपाशी बोटं नेली आणि उघडली. बोल, म्हणाले. ह्याला भाषा लागत नाही.

मी पुढे झाले. काय म्हणायचं, कसं म्हणायचं, मी तर त्यांना फोटोपलीकडे ओळखतही नाही. "मामा," मी म्हटलं, "एक ओळ मी गाळली. त्या म्हणाल्यात, पुढच्या वर्षी पत्र आलं नाही तर रुसू नका, त्याच येत असतील." आवाज फुटला माझा. "मला लिहवेना. तुम्ही साठ वर्षं थांबलात, अजून थोडं थांबा ना. मला अजून धपाटे जमत नाहीत धड. पण सांगायला सांगितलं होतं त्यांनी, ते सांगितलं." भिंतीवरून एक कावळा उतरला आणि धपाट्याची फाटकी कडा चोचीत धरून उडाला.

परतीच्या वाटेवर आईंचा फोन आला. मागे साताऱ्याच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"शिवला का गं?"

"शिवला, आई."

"लगेच?"

"जरा वेळ लागला. वारा होता."



"ओळ गाळली होतीस ना?" आई म्हणाल्या.

पुढच्या सीटवरून पुदिन्याची गोळी आली.

"मग? सांगितलीस का शेवटी?"

"सांगितली."

"बरं," आई म्हणाल्या. "जेवून घ्या आता. आणि भाऊंना दोन धपाटे जास्त वाढ."